जुन्या स्कूल बसचं फिरतं घर: टप किती उंच करावा?

दीड_खोली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आता काम अडलं म्हणून धागा काढतेय.

शाळेच्या सेवेतून निवृत्त झालेली २६ सीटची बस घेतली आहे. भोसरीत एका फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये उभी आहे. सीटा उतरवल्या, रबर मॅट उखडली, खालची पत्र्याची जमीन बरी निघाली. मापं अशी: जमिनीपासून टपापर्यंत २.८५ मीटर, रुंदी २.१० मीटर, फ्लोअर जमिनीपासून ०.९२ मीटरवर. आतली मोकळी उंची १.८३ मीटर, म्हणजे सहा फूट.

मी पाच फूट दोन, मला काहीच अडचण नाही. आमचे हे सहा फूट एक. त्यात खाली प्लाय, वर इन्सुलेशन आणि पॅनेलिंग धरलं की तीनेक इंच जाणार. उरले पाच फूट नऊ. आठवडाभराच्या सफरीत माणूस रोज मान वाकवून चहा करणार, हे काही बरं दिसत नाही.

अमेरिकेतले लोक जुन्या स्कूल बसचे खांब खिडक्यांच्या पातळीवर कापतात, टप जॅकवर दीड-दोन फूट उचलतात आणि मधे नवे तुकडे वेल्ड करतात. व्हिडिओ बघून फॅब्रिकेटरला विचारलं. तो म्हणाला, "करून देऊ की ताई, त्यात काय!" मी दीड फूट म्हणतेय. म्हणजे टप ३.३० मीटरवर जाईल. वर चार सोलर पॅनेल, कॅरियर आणि एसीचं युनिट धरून ३.६०. बसला ३.८० पर्यंत परवानगी असते असं वाचलंय, म्हणजे हिशेबात बसतं.

आम्हाला ताम्हिणीतून कोकणात, खंबाटकीतून साताऱ्याकडे, जमलं तर वरंध्यातून महाडला जायचं आहे. ३.६० उंचीने हे सुरक्षित होईल का? अनुभवी लोकांनी सांगावं. "हॉटेलात का राहत नाही" हा प्रतिसाद आईकडून आधीच मिळालेला आहे.

---

पेठेतला

हॉटेलात का राहत नाही?

(क्षमस्व. राहवलं नाही.)

---

लांबटांग

यजमानांना माझा दंडवत. मी सहा फूट दोन. लग्नाच्या हॉलमधले पंखे, पीएमटीचे दांडे, सासुरवाडीची चौकट, सगळ्यांशी जवळची ओळख आहे. दीड फूट वाढवा, बिनधास्त. घर म्हटलं की ताठ उभं राहता आलंच पाहिजे.

---

एसटीप्रेमी

३.८० बरोबर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९३. डबल डेकर सोडून बाकी बसला ३.८० मीटर, डबल डेकरला ४.७५. पण ही मर्यादा "यापेक्षा जास्त नको" अशी आहे. "इथपर्यंत सगळं सुरक्षित" असा तिचा अर्थ नाही. रुंदीची कमाल मर्यादा २.६० मीटर आहे आणि तुमची बस २.१० ची. पूर्ण रुंदीच्या बसला जी उंची शोभते ती तुमच्या बसला शोभेलच असं नाही.

अमेरिकन व्हिडिओंचंही तेच. त्यांची मोठी स्कूल बस ८ फूट रुंद, म्हणजे २.४४ मीटर. उंची मुळात दहा-साडेदहा फूट. तिच्यावर दोन फूट चढवले तरी ती साडेबारा फुटांत राहते आणि तिकडच्या बऱ्याच राज्यांत १३ फूट ६ इंचांची मर्यादा आहे. रुंद बूड, लांब चासी, सपाट हायवे. तो बेत भोर-महाड रस्त्यावर उचलून आणायचा म्हणजे अवघड आहे.

तिकडेही सगळं आलबेल नाही म्हणा. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम गावात ११ फूट ८ इंचांचा एक रेल्वे पूल होता. भाड्याच्या ट्रकांचे टप तो डब्याच्या झाकणासारखे सोलून काढायचा. २०१९ मध्ये तो आठ इंच उचलला, आता १२ फूट ४ आहे. आपली ३.८० ची बस त्याखाली आजही अडकेल.

---

आकडेमोड

धागाकर्ती ताईंनी मापं दिलीत म्हणून आनंद झाला. नाहीतर इथे "थोडी उंच बस आहे, चालेल का" असे धागे येतात. मी बांधकामवाला आहे, गाड्यांवाला नाही, पण गुरुत्वमध्य दोन्हीकडे सारखाच. माझी गृहीतकं खाली लिहितोय. ती बदलली तर आकडे बदलतील, दिशा बदलणार नाही.

सीटा काढल्यावर बस ४,२०० किलो धरू. गुरुत्वमध्य जमिनीपासून १.०० मीटरवर. इंजिन, गिअरबॉक्स, चासी सगळं खाली असल्याने साधारण तिथेच येतो. मागच्या चाकांची परिणामकारक रुंदी १.७५ मीटर.

गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कधी कलंडेल याचा ढोबळ आकडा काढायला रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. १.७५ भागिले २.०० = ०.८७. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ८७ टक्के इतका आडवा जोर लागला तर आतली चाकं उचलतात.

आता टप वाढवू. नवे खांब, पत्रा, खिडक्यांवरच्या पट्ट्या मिळून १८० किलो, २.९ मीटरवर. जुना टप २०० किलोचा, तो दीड फूट वर गेला. पॅनेल, कॅरियर, एसी मिळून १९० किलो, ३.४ मीटरवर. टप उंच झाला की बायकामंडळी वर कपाटं करणारच (आमच्या घरचा अनुभव), त्यात सामान धरून १२० किलो, २.५ मीटरवर. गुरुत्वमध्य १.२३ मीटरवर पोचतो. भागाकार ०.७१.

ही झाली दगडासारख्या ताठ गाडीची गोष्ट. प्रत्यक्षात पाटे दबतात, टायर दबतात, बॉडी बाहेर झुकते आणि झुकली की वजन आणखी बाहेर जातं. त्यापोटी पाव भाग वजा करा. उंच बस ०.५३ वर, आहे तशी बस ०.६५ वर.

युरोपातल्या बसनियमांत बस झुकत्या फलाटावर २८ अंशांपर्यंत तिरकी करून पाहतात, तिने उलटता कामा नये. २८ अंशांचा टॅन काढा: ०.५३. म्हणजे तुमची बस बरोबर काठावर, तेही माझ्या उदार गृहीतकांनी.

वळणाचं बघा. ३० मीटर त्रिज्येच्या घाटवळणाला ताशी ३० ने आडवा जोर ०.२४. ताशी ४० ने ०.४२. ताशी ५० ने ०.६६. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ४० आणि ५० मधला फरक स्पीडोमीटरवर बोटभर आणि रस्त्यावर भलताच. ५० वर उंच बस पडते. आहे तशी बसही ५० वर काठावरच येते, तेव्हा तिथे कुणीच ५० ने जाऊ नये. पण समोरून कोणी चुकीच्या बाजूने आला आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवावं लागलं, तर हाताशी उरणारी शिल्लक दोघींची वेगळी आहे.

---

दीड_खोली

@आकडेमोड, बायकामंडळींचा टोमणा पोचला. वरची कपाटं ह्यांच्या यादीत आहेत, माझ्या नाही.

पण मी पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या फ्लोअरखाली लावणार आहे. २५० लिटर पाणी आणि १०० किलोच्या बॅटऱ्या. तेवढं वजन खाली गेलं की वरची भरपाई होणार नाही का?

---

आकडेमोड

इथेच बहुतेकांची गफलत होते. टाकी जमिनीपासून ०.६० वर लावाल, बॅटऱ्या ०.७० वर. गुरुत्वमध्यापासून हे अंतर जेमतेम अर्धा मीटर खाली. टपावरचा एसी मात्र त्याच गुरुत्वमध्यापासून दोन मीटरहून वर. म्हणजे वरच्या एका किलोची बरोबरी करायला खाली चार किलो लागतात. हिशेब करून पाहिला: १.२३ चा १.१९ होतो. भागाकार ०.७४. सुधारणा आहे, भरपाई नाही.

उलट टप न वाढवता, फक्त १०० किलोची पॅनेल टपाला चिकटून आणि टाकी-बॅटऱ्या खाली ठेवल्या, तर गुरुत्वमध्य १.०१ वर. आज आहे तिथेच.

शिवाय टाकी अर्धी असताना पाणी वळणावर बाहेरच्या बाजूला धावतं. टाकीत गाडीच्या लांबीच्या दिशेने भोकांच्या उभ्या आडभिंती घाला नाहीतर दोन लहान टाक्या करून एकेक पूर्ण भरा, एकेक पूर्ण रिकामी करा.

---

घाटमाथा

आकडे झाले, आता रस्ता सांगतो. या भागात माल घेऊन बरीच वर्षं गाडी चालवलीय.

पुण्यातून बाहेर पडतानाच सुरुवात. मोठ्या पुलांची भीती नाही. हायवेवरच्या नव्या मोठ्या भुयारी मार्गांची उंची साडेपाच मीटर असते. पण हायवेखालून गावात जाणारे लहान वाहनांचे बोगदे चार मीटरचे असतात. त्यांत ३.६० वर हातभर मोकळं राहतं. वर डांबराचा एक थर चढला, दोन थर चढले की हात वितीवर येतो, आणि बाहेरची पाटी जुनीच असते. रेल्वे फाटकाला विजेच्या तारांआधी जो लोखंडी आडवा दांडा असतो तो ४.६७ वर, तिथे काही प्रश्न नाही.

खरा त्रास झाडं आणि केबल. महावितरणच्या तारा रस्ता ओलांडताना पावणेसहा मीटरच्या वर असायला हव्यात आणि बहुतेक असतात. पण केबलवाले, इंटरनेटवाले यांच्या काळ्या वायरी कुठल्या नियमाने लोंबतात देव जाणे. पेठांत तर सोडाच, वडगाव-धायरीच्या आतल्या गल्लीतसुद्धा ट्रकचा क्लीनर टपावर बांबू घेऊन बसलेला मी पाहिलाय. गणपतीच्या दिवसांत कमानी आणि मंडप वेगळे.

ताम्हिणीत झाडं रस्त्यावर झुकलेली आहेत. समोरून एसटी आली की तुम्हाला डावीकडे साइडपट्टीवर उतरावं लागतं. साइडपट्टी खाली असते, गाडी डावीकडे कलते. पाच अंश कलली तरी ३.४० मीटरवरचा कोपरा चाकांच्या रेषेपासून एक फूट बाहेर जातो. खाली चाकाजवळ भरपूर जागा दिसते आणि वर धाडकन फांदी लागते. सोलरचा कोपरा, एसीचं कव्हर, टपाच्या पन्हाळीची पट्टी, सगळं तिथेच जातं. ड्रायव्हरला आरशात हे दिसत नाही.

जुन्या कात्रज बोगद्यासारखे कमानीचे बोगदे असतात तिथेही हीच भानगड. मध्ये उंची भरपूर, कडेला कमी. गोल टपाची एसटी निघून जाते, चौकोनी खोक्याचा कोपरा घासतो. वरंध्याला एका बाजूला कातळ अंगावर येतो, पावसाळ्यात दरड पडते आणि अवजड वाहनांना बंद असतो. तिथे उंच गाडी नकोच.

खंबाटकीत साताऱ्याकडून पुण्याला येताना बोगदा संपल्यावरचं एस वळण तुम्हाला माहीत असेल. बोगद्यातून उतारावर वेग आपोआप वाढतो, आधी एकीकडे वळण आणि लगेच दुसरीकडे. पहिल्या वळणाने गाडी एका कुशीवर झुकते, ती सावरायच्या आत दुसरं वळण तिला उलट्या कुशीवर फेकतं. उंच भरलेले ट्रक तिथे का पडतात ते एकदा कडेला उभं राहून बघा. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडचा उतारही तसाच, तिथे गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवणारे किती जणांना घेऊन गेले ते पेपरात वाचतोच आपण.

---

लांबटांग

पण मग स्लीपर कोच? रात्री स्वारगेटवरून, वाकडवरून ढिगाने सुटतात. उंची साडेतीन मीटरच्या पुढे, वरच्या बर्थवर पंधरा माणसं झोपलेली, आणि नागपूरपर्यंत जातात. त्या चालतात तर ताईंची का नाही?

---

निवृत्त_पासिंग

लांबटांग, प्रश्न रास्त आहे. त्या गाड्या बारा मीटरच्या आसपास लांब, पूर्ण रुंद, बऱ्याच एअर सस्पेन्शनच्या, पोटात डिकीचं वजन. आणि मुळात त्या उंचीसाठीच डिझाइन होऊन तपासल्या गेलेल्या असतात. तरी त्यांचेही अपघात होतात. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला येणारी स्लीपर बस डाव्या कुशीवर पडली, दार खाली गेलं, बसने पेट घेतला आणि २५ माणसं गेली. तिथे कारण निव्वळ उंची होतं असं मी म्हणत नाही. दार जमिनीला लागल्यावर बाहेर पडायला दुसरी वाट पाहिजे, हे मात्र घर करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. बसचं घर करताना लोक मागचा आपत्कालीन दरवाजा पलंगाने बंद करतात आणि खिडक्यांवर प्लाय ठोकतात.

आता कापाकापीबद्दल. बसची बॉडी म्हणजे नुसता पत्रा नाही. फ्लोअरखालचा आडवा बीम (क्रॉस बेअरर), दोन्ही बाजूचे खांब आणि टपाची लोखंडी कमान (हूप) मिळून एक बंद कडं होतं. अशी सात-आठ कडी एकामागे एक. बस उलटली तर ही कडी आतल्या माणसांभोवतीची जागा राखतात. एआयएस-०३१ या बसबॉडीच्या मानकाची चाचणी हीच आहे: बस ८०० मिलिमीटर उंच फलाटावरून कुशीवर टाकतात आणि बॉडी आतल्या राखीव जागेत घुसता कामा नये.

तुम्ही खिडकीच्या पातळीवर खांब कापता, तेव्हा प्रत्येक कडं दोन ठिकाणी तोडता. उलटताना सगळ्यात जास्त वाक तिथेच बसतो. मधला तुकडा कितीही जाड वापरा, जोड वेल्डचा. फॅब्रिकेटरचा हात चांगला असेलही, पण तो गेट आणि शेड करणारा हात आहे की बस बॉडीचा, ते विचारा. खांबात आतून बाही घातली का, पातळ नळीला वेल्ड मारताना भोक पडलं का, दोन्ही बाजूंची कापरेषा एका पातळीत आहे का, हे पत्रा मारल्यावर कोणालाच दिसत नाही.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, अपघात झाला तर विमा कंपनी पहिला फोटो टपाचा काढेल.

फिरतं घर बेकायदा आहे असं नाही. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांत मोडते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. आतलं फर्निचर आणि सीटांची संख्या बदलली तरी आरसीवर नोंद लागते. ती कशी करून घ्यायची हे कामाला हात लावण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारा, एजंटच्या तोंडी हमीवर जाऊ नका. पुण्यात राहून एक सोय आहे: एआरएआय कोथरूडच्या टेकडीवर, सीआयआरटी भोसरीत. दोन्हीकडे वाहनांची अधिकृत तपासणी होते. बॉडी बिल्डर गाठायचाच असेल तर त्यांच्याकडून ज्याच्या डिझाइनला मान्यता मिळाली आहे असा गाठा.

---

पेठेतला

थोडक्यात, यजमानांची उंची कमी करणं कायदेशीरदृष्ट्या सोपं आहे.

---

भोसरी_शेड

मी बॉडीचंच काम करतो. पासिंगवाले काका बोलले ते खरंय. माझ्याकडेही लोक टप उचलायला येतात, मी परत पाठवतो. एकदा कापलेली बस दुरुस्तीला आली होती, जोडाच्या रेषेवर दोन्ही बाजूला पत्र्याला बारीक चिरा. खड्ड्यांतून टप वेगळा हलतो, खालचा डबा वेगळा हलतो. चिरेतून पाणी, पाण्याने गंज. वरून पुट्टी मारून रंग दिला होता, सुरेख दिसत होतं.

ताई, टप न कापता इंच कसे मिळतात ते सांगतो.

खाली: जुनी मॅट काढलीच आहे तर १२ मिलिमीटरचं मरीन प्लाय थेट पत्र्यावर बसवा. इन्सुलेशन फ्लोअरच्या खालून मारा, क्रॉस बेअररच्या मधल्या गाळ्यांत. वर लाकडी चौकट करून त्यात थर्माकोल भरायची फॅशन आहे, तिने दोन इंच खाल्ले जातात.

वर: छताचं आतलं पॅनेल काढलं की हूपांच्या मधे दीड-पावणेदोन इंचाची पोकळी मिळते. इन्सुलेशन त्या पोकळीत. पॅनेल पातळ घ्या आणि हूपाला चिकटून बसवा, हूपाखाली रिपा मारू नका. टप पांढरा रंगवा. पुण्याच्या एप्रिलमध्ये त्याने जो फरक पडतो तो इंचभर जादा फोमने पडत नाही.

असं केलं तर तीन इंच जाणार होते तिथे एक-सव्वा इंच जाईल. टप मधे उंच असतो, तुमची सहा फूट मधली का कडेची ते मोजा. मधली असेल तर ओटा कडेला आणि उभं राहायची जागा बरोबर मधल्या रेषेवर येईल असा ठेवा.

न्हाणीघर दाराच्या पायऱ्यांच्या खळग्याजवळ करा. तिथली पायरी फ्लोअरपेक्षा जवळजवळ फूटभर खाली असते. खाली गळतीची ट्रे बसवली की साहेब ताठ उभे राहून अंघोळ करतील. मात्र दार बंद करू नका, दुसऱ्या बाजूला किंवा मागे निघायची वाट चालू पाहिजे.

आणि ओट्याच्या वर टपाला तयार हॅच येतो, हूपांच्या मधे बसणारा, उघडला की डोकं वर. हूप कापायचा नाही, दोन हूपांमध्येच बसवायचा. पडलीच गाडी कुशीवर तर बाहेर निघायलाही वरची वाट होते, त्यासाठी माणूस निघेल एवढा मोठा घ्या. कंपनीच्या टपाला भोक पाडायचं तेही आधी विचारूनच, काकांनी सांगितलं तसं.

---

दीड_खोली

@भोसरी_शेड दादा, हे फारच कामाचं सांगितलंत. सहा फूट ही मधलीच उंची आहे, कडेला पाच फूट आठच्या आसपास. म्हणजे एवढं करूनही मधे पाच फूट पावणेअकरा. हे दोन-सव्वादोन इंचांनी अडणारच.

---

एसटीप्रेमी

मग दुसरी बस बघा. रागावू नका, पण अजून फक्त सीटा निघाल्यात, घर बांधून झालेलं नाही. आत साडेसहा फूट मोकळी असलेल्या मोठ्या बस बाजारात येतात, रुंदीही जास्त आणि चाकांमधलं अंतरही. शाळेची बस लहान मुलांसाठीच बांधलेली असते. उंची हवी असेल तर कारखान्यातूनच उंच आलेली घ्या. तशी बस बाहेरून ३.१०-३.२० भरेल, वर काही न रचता पॅनेल चिकटून बसवली तर ३.३० च्या आत राहाल. माझ्या मते पुण्याच्या आसपासचे घाट करायचे असतील तर ३.३० हीच वरची रेघ. ११ फुटांच्या आत.

---

घाटमाथा

३.३० ला माझंही अनुमोदन. एसी टपावर नको. मागच्या भिंतीला किंवा पलंगाखाली बसवा. टपावरचा एसी फांद्यांना पहिला सापडतो आणि तो बिघडला की दुरुस्तीला शिडी शोधत बसावं लागतं. टपावर सायकली, कॅन, गॅसच्या टाक्या असलं काही बांधू नका. कॅरियर केला की त्यावर सामान चढतंच.

वाऱ्याचं कोणी बोललं नाही. नऊ मीटर लांब बसला एक फूट उंची वाढली की कुशीला पावणेतीन चौरस मीटर पडदा वाढतो. ताशी ६० च्या आडव्या वाऱ्यात तेवढ्यावर पन्नास-साठ किलोचा रेटा बसतो, तोही सगळ्यात वर. तुमची बस लहान असेल तर तेवढा नाही. पण खिंडीतून मोकळ्यावर आलात किंवा कंटेनर शेजारून गेला की कळतो.

---

आकडेमोड

मोजमाप कसं करायचं तेही लिहून ठेवतो, कारण टेप टपाला लावून खाली सोडली की ती बॉडीच्या फुगवट्यावरून वाकडी येते. गवंड्याची ॲल्युमिनियमची पट्टी टपावरच्या सर्वांत उंच वस्तूवर आडवी ठेवा, स्पिरिट लेव्हलने सरळ करा, एक टोक कुशीबाहेर काढा आणि टोकापासून ओळंबा सोडा. सपाट काँक्रीटवर, टायरमध्ये पूर्ण हवा, टाक्या रिकाम्या. तीच सर्वांत मोठी उंची. भरलेली गाडी थोडी खाली बसते, तो आकडा धरू नका.

आलेल्या आकड्यात दहा सेंटिमीटर मिळवा आणि ड्रायव्हरसमोर मीटर आणि फूट दोन्हींत चिकटवा. पाट्या काही ठिकाणी मीटरच्या, काही ठिकाणी फुटांच्या असतात. पाटी दिसल्यावर डोक्यात रूपांतर करायला वेळ नसतो.

आणि घर पूर्ण झाल्यावर एकदा वजनकाट्यावर न्या. पुढचा आस, मागचा आस वेगवेगळा. जमलं तर डावी-उजवी चाकंही वेगळी घ्या. ओटा, फ्रिज आणि टाकी सगळं एकाच कुशीला गेलं की गाडी उभ्यानेच झुकते, आणि मग वर काढलेले माझे सगळे आकडे एका बाजूला आणखी वाईट होतात.

---

दीड_खोली

टप कापायचा बेत रद्द. ह्यांनी अख्खा धागा वाचला आणि आकडेमोड यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. फॅब्रिकेटरला सांगितलं तर तो म्हणतो, "बघा, पण लोक करतात." करोत.

रविवारी चाकणला एक मोठी बस बघायला जातोय. स्टाफ बस होती, ३३ सीटची, विकणारा फोनवर आत साडेसहा फूट सांगतोय. पट्टी आणि ओळंबा घेऊन जाऊ. ही लहान बस कोणाला हवी असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, सीटा अजून शेडमध्येच आहेत.

एक शेवटची शंका: मागे टपावर चढायची शिडी असली तर ती उंचीत धरतात का?

---

निवृत्त_पासिंग

शिडीचा वरचा वळसा टपाच्या वर येत असेल तर धरावाच लागेल, फांदी काही नियम वाचत नाही. वळसा टपाच्या पातळीतच संपवा. मागे बाहेर किती येते तेही बघा: मागच्या आसापासून मागचा लोंबता भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आणि चाकणच्या बसची आरसी आधी मागून घ्या, बस नंतर बघा.

---

लांबटांग

आतून उभं राहून बघायला कोणी लागलं तर मी येतो. रविवारी मोकळाच आहे.